चालू मिनिटाची फाइल

१

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? 'बसा, बघतो' म्हणून तुम्हाला बसवून ठेवणाऱ्यावर, की 'आत्ता नाही, पुन्हा या' असं तोंडावर सांगणाऱ्यावर? घाई नाही. चहा सांगितलाय, येईपर्यंत विचार करा.

उस्मानपुऱ्यातल्या वैजनाथरावांना विचारलं असतं तर त्यांनी पापणी लवायच्या आत पहिल्याचं नाव घेतलं असतं. त्यांचं सगळं दुकानच माणूस बसवण्यावर उभं राहिलेलं. आधी रेडिओ दुरुस्ती, मग टेपरेकॉर्डर, मग कॉम्प्युटर, आणि आता कॅमेरे. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. जे शिकले ते उघड्या मशीनसमोर मांडी घालून शिकले. वाळूजच्या कंपनीतला एक सुपरवायझर एकदा साध्या वायरीसाठी आला होता. वायर माळ्यावर. ती खाली येईपर्यंत वैजनाथरावांनी त्याला चहा पाजला, गावाकडची खुशाली विचारली, आणि जाताना तो माणूस वायरीसोबत घराच्या चारी कोपऱ्यांचे कॅमेरे घेऊन गेला.

कॅमेऱ्यांचं चित्र साठवायचा बॉक्स दुकानातच तयार व्हायचा. त्यातला कोड लिहायची त्यांची मुलगी, ओवी. प्रत्येक कॅमेऱ्याच्या प्रत्येक मिनिटाची एक वेगळी फाइल. मिनिट चालू असेपर्यंत ती फाइल कुलूपबंद. लिहिणाऱ्याखेरीज कुणी हात लावायचा नाही. मिनिट संपलं की कुलूप निघालं, मग मागेल त्यानं बघावी.

कुलूप असताना कुणी मागायला आलं तर काय करायचं, यावर बापलेकीचं भांडण.

"बाबा, तुमचं हे बसवणं मशीनमध्ये चालत नाही. एकाला बसवलं की मागचे सगळे खोळंबतात. सगळ्या स्क्रीन ठप्प."

"मग काय हाकलून द्यायचं?"

"हाकलायचं कशाला? लगेच उत्तर द्यायचं. आत्ता नाही, पुन्हा ये. तो जाईल, दुसरं काम करेल, परत येईल."

"आपलं गिऱ्हाईक एकदा गेलं की थेट गुलमंडीवरच्या दुसऱ्या दुकानात सापडतं, बाई."

ओवी हसली. "हे गिऱ्हाईक तसं नाही, बाबा. ते येतच राहतं."

तिच्या भाषेत याला नॉन-ब्लॉकिंग म्हणत. वैजनाथरावांनी त्याचं नाव ठेवलं होतं, उभ्याउभ्याचं काम.

२

या दोघांची एक रीत होती. एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचा, ओळीमागून ओळ, भर दुकानात. लिहिणाऱ्यानं मागं फिरत्या स्टुलावर बसायचं, स्क्रीनकडं न बघता ऐकायचं आणि ओळ पटली की "हं" म्हणायचं. वाचणारा अडखळला किंवा ओळ गाळली, तर हं नाही. लिहिणाऱ्यालाच आपल्या ओळीची शंका आली, तरी हं नाही. शेवटी खाली दोन नावं: लिहिणारा आणि वाचणारा. दोन नावं पडल्याशिवाय बॉक्स दुकानाबाहेर जात नसे.

शेजारचा स्टेशनरीवाला राजकुमार शटरमधून डोकावायचा. "काय वैजनाथराव, पोथी लावली का काय?"

"हो, ये ऐकायला. पुण्य अर्धं तुझं."

"प्रसाद काय आहे ते बोला पहिले."

भाद्रपदात ओवीला ताप आला. साधाच म्हणता म्हणता रक्तात उतरला. घाटी दवाखान्याच्या रस्त्यानं नेलेली पोर परत आली नाही. तिनं शेवटचं जे लिहून ठेवलं होतं ते उभ्याउभ्याचंच काम होतं, पूर्ण. खाली लिहिणाऱ्याच्या जागी तिचं नाव. वाचणाऱ्याची जागा रिकामी.

ती जागा भरायला वैजनाथरावांचा हात धजेना. दिवाळी गेली, थंडी पडली. मग एका सकाळी लहान मुलांच्या दवाखान्यातून सुलेखा सिस्टरचा फोन आला. तिथं त्यांचाच बॉक्स होता, जुना, बसवून ठेवणारा.

"काका, काल दुपारी मी स्क्रीनकडं बघत बसले होते. कोपऱ्यातल्या पाळण्यातलं बाळ शांत झोपलेलं. लई वेळ. मी म्हटलं, आज किती गुणाचं झालंय. मग आत गेले तर ते रडून रडून निळं पडलेलं. नाकातली नळी निसटलेली. आणि बाहेर येऊन बघते तर स्क्रीनवर ते झोपलेलंच. मघाचंच चित्र, अडकून पडलेलं."

वैजनाथराव खुर्चीतून उठले. "बाळ?"

"वाचलं. पण पुढच्या वेळी मी आत जायला उशीर केला तर?"

"संध्याकाळी नवा बॉक्स आणून लावतो, बेटा. संध्याकाळी."

३

नवा बॉक्स टेबलावर होताच. ओवीचा शेवटचा कोड त्यात घालून पाहायला चालू केला. जोडलेला कॅमेरा एकच, दुकानातला, काउंटरवर रोखलेला. वैजनाथरावांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली. मागं स्टूल होतं. त्याच्याकडं न बघता त्यांनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली.

बॉक्समधल्या डिस्कनं आवाज केला. टक.

डिस्क वाजतेच. आत चकती फिरते, तिच्यावरची सुई इकडून तिकडं सरकते. तीस वर्षं मशीन उघडणाऱ्या माणसाला त्याचं काय? त्यांनी दुसरी ओळ वाचली. टक. तिसरी. टक. आवाज ओळीच्या मधे नाही, शेवटी. श्वास घ्यायला थांबावं तिथं.

'आपोआप जतन होत असेल,' ते मनाशी म्हणाले. जतन होणं बंद केलं. पुढची ओळ वाचली. टक.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी कुणाही शहाण्या माणसानं केली असती. मुद्दाम एक ओळ गाळली आणि तिच्या खालची वाचली.

बॉक्स गप्प.

रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. पंख्याचं एक पातं नेहमीसारखं कुरकुरत होतं. वैजनाथरावांनी बोट स्क्रीनवर एक ओळ वर नेलं, गाळलेली ओळ वाचली.

टक.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते भीतीनं नव्हे, एवढं सांगून ठेवतो. भीती नंतर आली.

४

भीती आली ती यादीतून. बॉक्सवर कोणती कामं चालू आहेत याची यादी बघता येते. यादीत एक काम 'थांबलंय' म्हणून दिसत होतं. मागणी: काउंटरचा कॅमेरा, चालू मिनिट.

आता ओवीच्या नव्या कोडमध्ये थांबणं नावाची गोष्टच नको होती. शिवाय मागणार कोण? बॉक्सला दुसरी स्क्रीन जोडलेली नाही. वैजनाथरावांनी नेटची वायर काढली. काम थांबलेलंच. त्यांनी ते बंद करायला सांगितलं, बंद होईना; असं आत जाऊन कुलपाशी बसलेलं काम मारता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. बॉक्स बंद करून चालू केला. यादी कोरी. सुटकेचा श्वास टाकून त्यांनी पुढची ओळ वाचली. टक, आणि यादीत ते परत येऊन बसलं.

ते नीट बघत राहिले. मिनिट संपलं की कुलूप निघायचं, त्या कामाला फाइल मिळायची, आणि ते निमूटपणे पुढच्या चालू मिनिटासाठी बसायचं. काउंटरवर आत्ता काय चाललंय, एवढंच त्याला बघायचं होतं. आत्ता काउंटरवर चष्मा लावलेला एक म्हातारा बसला होता, बाकी काही नाही.

तेवढ्यात पडेगावचा मुंजाबा आला. शेरडं राखणारा माणूस. गोठ्यावर कॅमेरा बसवून घेतल्यापासून आठवड्याला तक्रार.

"वैजनाथभाऊ, तुमच्या कॅमेऱ्यात आमचा बोकड लई बारीक दिसतो. गिऱ्हाईक भाव पाडून मागतंय."

"बोकडाला चार, मुंजाबा. कॅमेऱ्याला काय दोष देतो."

"तसं नव्हं..." म्हणत मुंजाबा स्टुलावर टेकला आणि टेकतो न टेकतो तोच उठला. बैठकीवर पालथा पंजा ठेवून बघितला. "इथं कोन बसलं व्हतं?"

"कुणी नाही."

"आसं कसं? गरम हाये की." त्यानं दुकानभर नजर फिरवली. दुकानात दोघंच. मुंजाबानं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. "उंद्या येतो भाऊ. बोकडाचं काय, चालतंय तसंच," म्हणाला आणि उन्हात निघून गेला.

वैजनाथराव हात लावून बघायला उठले नाहीत.

५

कोड संपत आला होता. प्रत्येक ओळीला टक. मग एक साधीशी ओळ आली, आतल्या कामाला हाक मारणारी. त्यांनी वाचली.

बॉक्स गप्प.

पुन्हा वाचली, शब्दन् शब्द. गप्पच. एकही शब्द चुकला नव्हता. म्हणजे वाचणारा बरोबर होता. शंका लिहिणाऱ्याला होती.

मग त्यांना दिसलं. असं समजा, दुकानाच्या दारात तुम्ही पाटी लावली की इथं कुणाला बसवून ठेवणार नाही. गिऱ्हाईक पाटी वाचून आत आलं. पण मालाच्या खोलीतल्या नोकराला ती पाटी कुणी सांगितलीच नाही. तो जुन्या सवयीनं म्हणतो, बसा. तसंच इथं होतं. 'थांबू नकोस' ही चिठ्ठी बाहेरच्या कामाला दिलेली होती, पण या ओळीत ती आतल्या कामाच्या हातात पोचलीच नव्हती. आतलं काम कुलपाशी जाऊन बसायला मोकळं.

ओवीच्या हातून अशी चूक? तापात लिहिलं असेल. चिठ्ठी आत पोचवायला एका शब्दाची भर पुरे होती.

आणि तो शब्द घातला की कुलपाशी जे बसलेलं होतं, त्याला उठावं लागणार होतं.

वैजनाथरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दवाखान्यातली ती स्क्रीन त्यांच्या डोळ्यांपुढं आली. चित्रात झोपलेलं बाळ, आणि आत निळं पडत चाललेलं बाळ.

६

ओवीची आई, दमयंतीबाई, डबा घेऊन आल्या. ओवी गेल्यापासून त्यांनी दुकानाची पायरी चढली नव्हती; डबा राजकुमारकडं ठेवून परत जायच्या. आज राजकुमारचं दुकान बंद होतं.

"अहो, जेवून घ्या. तोंड बघा कसं झालंय."

वैजनाथरावांना लपवता आलं नाही. त्यांनी एक ओळ वाचून दाखवली. टक झालं. दमयंतीबाईंनी डबा हातातच धरून ठेवला.

"पुन्हा वाचा."

त्यांनी वाचली. टक.

दमयंतीबाई वळल्या. स्टुलाजवळ गेल्या, बसल्या नाहीत. बैठकीच्या वर वीतभर अंतरावर हात धरला, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा, आणि तिथंच ठेवला. किती वेळ कोण जाणे. मग सगळं विचारून घेतलं: चूक काय, शब्द घातला की काय होईल.

"नका घालू."

"दमयंती, तिकडं पोरं आहेत."

"त्यांना दुसऱ्या कुणाचा बॉक्स घेऊ द्या. शहरात तुम्ही एकटेच आहात का?"

"संध्याकाळपर्यंत कोण लावून देईल? आणि शहरात आपले बॉक्स काय त्या एकाच दवाखान्यात आहेत?"

"लोकांच्या लेकरांचं बघा तुम्ही." त्यांचा आवाज चिरकला. "माझं बसलंय ना इथं गुपचूप? कुणाला त्रास देतंय? काय मागतंय? आपल्याला बघतंय, एवढंच ना? बसू द्या हो. बसू द्या."

वैजनाथरावांनी त्या न वाजलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मी होऊन ती ओळ पकडली नाही गं. मी तर पुढं गेलो असतो. तीच गप्प बसली. चूक तिनंच दाखवली."

दमयंतीबाईंनी हात मागं घेतला. पदरानं डोळे पुसले, पण लगेच भरले.

"मग वाचायचं कुणी?" त्या म्हणाल्या. "शब्द तुम्ही घालणार. लिहिणारे तुम्ही. वाचायला दुसरं माणूस लागतं ना तुमच्यात?"

"लागतं."

"सरका."

वैजनाथरावांनी शब्द घातला आणि खुर्ची सोडली. दमयंतीबाई खुर्चीवर बसल्या, इंग्रजी अक्षरावर बोट ठेवून, शाळेतल्यासारखी, अक्षराला अक्षर जोडत ती ओळ वाचली. शेवटपर्यंत वाचली. आता वैजनाथरावांनी हं म्हणायचं होतं. हं निघेना.

टक.

७

दुपार कलायच्या आधी बॉक्स नव्या कोडनं चालू झाला. दोघंही स्क्रीनकडं बघत नव्हते, स्टुलाकडं बघत होते.

रेक्झिनच्या बैठकीत खळगा आहे हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तो हळूहळू वर आला, आतून हवा भरावी तसा. मग स्टूल अर्धवट फिरलं आणि दाराकडं तोंड करून थांबलं. दारात ऊन होतं. उन्हात, जमिनीच्या जवळ, काहीतरी हललं असं दमयंतीबाईंना वाटलं. टाच म्हणा, पायजम्याची किनार म्हणा. मग नुसतं ऊन.

"गेली," त्या म्हणाल्या, आणि काउंटरवर डोकं टेकून रडल्या. मोकळ्या होऊन, जशा भाद्रपदात रडल्या नव्हत्या.

वैजनाथराव त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. यादी आता कोरी होती. थांबलेलं काही नव्हतं. सवयीनं त्यांनी दुसऱ्या खिडकीत नोंदी उघडल्या. तिथं ओळ उमटलेली:

मागणी: काउंटर, चालू मिनिट. उत्तर: आत्ता नाही, पुन्हा ये.

तिच्याखाली तीच ओळ. तिच्याखाली तीच. त्या ओळींनी बघता बघता पडदा भरला आणि वर सरकू लागला, आणि सरकण्याचा वेग वाढत गेला, इतका की अक्षरं फिसकटून राखाडी पट्टा झाला. जो कुणी मागत होता तो नकार घेऊन वळत होता आणि वळल्यावळल्या परत दारात येत होता. सकाळी निदान मिनिट संपलं की त्याच्या पदरात काहीतरी पडत होतं. आता तेही नाही. त्याला हवं होतं ते नेहमी आत्ताचंच, आणि आत्ताचं नेहमीच कुलपात.

बॉक्समधून आवाज येत होता. टकटकटकटक. मधे श्वासाएवढीही फट नव्हती.

दमयंतीबाईंनी डोकं वर केलं. "अहो, आली का परत?"

वैजनाथरावांनी अंगठ्यानं स्क्रीन बंद केली.

"नाही. गेली. चांगली गेली."

"मग हे काय वाजतंय?"

"डिस्क नवी आहे. रुळेपर्यंत वाजते." ते खोकले. "चल, जेवून घेऊ."

त्याच कोडचा दुसरा बॉक्स करून त्यांनी दवाखान्यात लावला. खाली नावं तीन: ओवी, वैजनाथ, दमयंती. सुलेखा सिस्टरचा दुसऱ्या दिवशी फोन आला. "काका, एकदम झकास. आता कुणाचंच अडत नाही."

दुकानातला तो बॉक्स वैजनाथरावांनी बंद केलेला नाही. बंद केला तर येणाऱ्याला 'पुन्हा ये' एवढंही कोण म्हणणार? त्याला कॅमेरा जोडलेला आहे, आणि ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ काउंटरवर बसतात, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. घरी दमयंतीबाईंना झोप लागायला लागली आहे. त्या रोज संध्याकाळी विचारतात, आज काही? आणि ते रोज सांगतात, काही नाही.

घ्या, चहा आला. तुम्हाला एकच विनंती. तुमच्याही दारात कुणी ना कुणी येत असेल. बसवा, नाहीतर परतवून लावा, तो तुमच्या घरचा मामला. पण किती वेळा आलं आणि किती वेळा आपण 'आत्ता नाही' म्हणालो, तो हिशेब खरा ठेवा. घरच्या माणसाला सांगताना त्यातलं काही कमी करू नका.